मारुती ८०० चं इंजिन आणि गिअरबॉक्स पहिल्यांदा उतरवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती ८०० भारतात १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती. आजही ती अनेकांच्या दारात आहे आणि तिच्यावर स्वतः हात चालवायची इच्छा असलेले लोकही भरपूर आहेत. त्यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या, चार गिअरवाल्या साध्या ८०० ला धरून आहेत. कार्ब्युरेटर (जुन्या गाड्या) आणि एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या नंतरच्या गाड्या) यांत जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

१. मुळात इंजिन उतरवायची गरज आहे का, हे कसं ठरवायचं?

आधी दुखणं काय आहे ते नक्की करा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग किंवा फ्लायव्हीलच्या मागचं ऑइल सील बदलायचं असेल तर फक्त गिअरबॉक्स खाली घेतला की पुरतं. हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप ही कामं इंजिन जागेवर ठेवूनच होतात. ब्लॉक बोरिंगला (झिजलेले सिलिंडर कातून घ्यायला) द्यायचा असेल, क्रँक ग्राइंडिंग करायचं असेल, बेअरिंग वाजत असेल, किंवा इंजिनच्या खोलीचा पत्रा सडल्यामुळे वेल्डिंग आणि रंगकाम करायचं असेल, तर मात्र इंजिन बाहेर काढल्याशिवाय इलाज नाही.

धूर येतो म्हणून थेट इंजिन उतरवायला घेऊ नका. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासा. निळा धूर व्हॉल्व्ह सीलमुळेही येतो आणि ते काम वरच्या वर होतं.

२. पहिल्यांदाच करणाऱ्याने हे काम घ्यावं का?

८०० वर असेल तर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. संपूर्ण गाडीचंच वजन साधारण ६५० किलो, त्यामुळे इंजिनही त्या मानाने हलकं. बॉनेटखाली हात जायला जागा आहे. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि अडलंच तर गल्लीतल्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीला हे इंजिन तोंडपाठ असतं. शिकण्यासाठी याहून चांगली गाडी आपल्याकडे नाही.

फक्त रोज ऑफिसला नेणारी एकुलती एक गाडी असेल तर तिच्यावर पहिला प्रयोग नको. सोमवारी गाडी हवीच आहे या घाईत माणूस नको ते करतो.

३. किती वेळ धरावा? एकट्याने जमतं का?

सराव असलेला मिस्त्री आणि त्याचा पोऱ्या एका दिवसात उतरवतात. पहिल्यांदा करणाऱ्याने एक शनिवार-रविवार फक्त उतरवण्यासाठी धरावा, आणि बसवायला त्याहून जास्त. सोडवण्याचं बरंचसं काम एकट्याने होतं. पण इंजिन हवेत असेल त्या वेळी दुसरा माणूस हवाच. एकाने साखळी ओढायची, दुसऱ्याने इंजिन वळवत बाजूला काही अडकतंय का ते पाहायचं. तिसरा माणूस असेल तर उत्तम, पण त्याला गाडीखाली पाठवायचं नाही.

४. हत्यारं कोणती लागतात?

१०, १२, १४, १७ आणि १९ या मापांचे रिंग पाने आणि गोटी पाने (सॉकेट). जवळजवळ सगळी गाडी या पाच मापांत सुटते. आपल्याकडे डबल पाने १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७ अशा जोडीत मिळतात आणि घाईत १२ च्या बोल्टला १३ ची बाजू लागते. बोल्टची कड गोल होते ती अशीच. म्हणून फिक्स पान्यावर विसंबू नका. आधी रिंग किंवा गोटी लावून बोल्ट ढिला करा, मग हवा तर फिक्स पाना वापरा.

याशिवाय लांब एक्स्टेन्शन, पक्कड, एक चांगली टॉमी (उचकटायची लोखंडी पहार), ट्रॉली जॅक, दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चाकांना लावायला लाकडी ओंडके, टॉर्क पाना, आणि एक टनाचा चेन ब्लॉक किंवा भाड्याची इंजिन क्रेन. चेन ब्लॉक जितका भार उचलायचा तितक्याच क्षमतेचा घेऊ नये, कित्येक पट जास्त क्षमतेचा घ्यावा.

५. चेन ब्लॉक कशाला टांगायचा? पोर्चच्या स्लॅबला पंख्याचा हुक आहे, तो चालेल का?

नाही. पंख्याचा हुक पंख्यासाठी असतो. इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी मोठ्या माणसाहून जड असते आणि उचलताना ती हिसके देते. स्लॅबमधून हुक उपटला तर खाली हात, पाय किंवा डोकं असतं.

लोखंडी तुळई असलेली शेड, जाड पाइपांची नीट बांधलेली तिकटी, किंवा इंजिन क्रेन यांपैकी काहीतरी हवं. तिकटी वापरत असाल तर तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर ते फाकतात. झाडाच्या फांदीला टांगून इंजिन काढणारे रस्त्यावरचे मिस्त्री आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना त्या फांदीची ओळख असते, तुम्हाला नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी सेक्रेटरींना सांगा, जमिनीवर जाड प्लास्टिक आणि त्यावर पुठ्ठे अंथरा. पेव्हर ब्लॉकवर सांडलेलं ऑइल निघत नाही आणि तक्रार कायमची राहते. जमीन सपाट आणि टणक हवी. घोड्या मातीत रुततात.

६. इंजिन वरून काढायचं की खालून?

वरून. खालून उतरवायला गाडीचं नाक बरंच उंच घ्यावं लागतं. लिफ्ट नसताना ते घरी करणं धोक्याचं आहे. वरून काढताना बॉनेट आणि रेडिएटर बाहेर काढायचा, साखळीने इंजिन उचलायचं आणि गाडी मागे ढकलायची किंवा क्रेन पुढे ओढायची. गाडी ढकलण्याबद्दल एक महत्त्वाची अट आहे, ती प्रश्न १९ मध्ये.

७. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढू की आधी वेगळे करू?

दोन्ही काढायचेच असतील तर एकत्र. ८०० मध्ये इंजिन आडवं आहे आणि गिअरबॉक्स त्याला बाजूने जोडलेला आहे. जागेवरच वेगळं करायचं तर गाडीखाली आडवं पडून गिअरबॉक्सचा भार हातांवर तोलावा लागतो, आणि बसवताना तीच कसरत उलटी. बाहेर टेबलावर किंवा टायरवर ठेवून वेगळं करणं किती तरी सोपं. फक्त क्लचचं काम असेल तर गोष्ट वेगळी (प्रश्न १).

८. सुरुवात कुठून करायची? क्रम सांगा.

इंजिनची खोली आधी धुऊन घ्या. रॉकेल आणि ब्रशने तेलकट थर काढला की बोल्ट दिसतात आणि घाण इंजिनात पडत नाही. इंजिन थंड असतानाच हे करा, आणि डेल्कोवर (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर) प्लास्टिकची पिशवी बांधा. एमपीएफआय असेल तर कपलर आणि सेन्सरही झाका.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर, नंतर पॉझिटिव्ह, मग बॅटरीच बाहेर (एमपीएफआय गाडीत त्याआधी प्रश्न १० मधलं, गॅस किट असेल तर प्रश्न २४ मधलं काम). बॉनेटच्या बिजागरीभोवती मार्करने रेघ मारून बॉनेट काढा, म्हणजे परत बसवताना गॅप जुळवत बसावं लागत नाही. कूलंट, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल काढा. गिअर ऑइलच्या बाबतीत एक नियम पाळा : आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा, मगच खालचा प्लग उघडा. ऑइल काढून टाकलं आणि भरायचा प्लग जाम निघाला तर पंचाईत होते.

त्यानंतर एअर फिल्टरचा डबा, रेडिएटर आणि त्याचा पंखा, होज पाइप, वायरी, अॅक्सिलरेटर केबल, क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, पेट्रोलचे पाइप, सायलेन्सरचा पुढचा जोड, गिअरचा रॉड, एक्सल (गिअरबॉक्समधून पुढची चाकं फिरवणारे दांडे), आणि सगळ्यात शेवटी फाउंडेशन (इंजिन बॉडीला धरून ठेवणारे रबरी माउंट). साखळी ताणून इंजिनचं वजन तिच्यावर आल्याशिवाय फाउंडेशनच्या एकाही बोल्टला हात लावायचा नाही.

९. इतक्या वायरी आणि पाइप. परत लावताना गोंधळ होणार नाही याची काय खात्री?

खात्री तुम्हीच करून ठेवायची, आणि ती काढतानाच. या सगळ्या कामात माझा सर्वात जास्त आग्रह या एका गोष्टीचा आहे. बसवणं सोपं जाणार की अवघड, हे उतरवण्याच्या दिवशीच ठरतं.

काहीही सोडवण्यापूर्वी फोटो काढा, लांबून आणि जवळून. मास्किंग टेपचे तुकडे जोडीने लावा : होजच्या टोकाला ‘७’, तो जिथून निघाला त्या नळीलाही ‘७’. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत व्हॅक्यूमचे बारीक पाइप एकसारखे दिसतात, त्यांना टेप लावल्याशिवाय एकही उपसू नका. तेलकट जागी टेप टिकत नाही, तिथे आधी चिंधीने पुसून घ्या.

बोल्ट एका डब्यात टाकू नका. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत घाला आणि पिशवीवर भागाचं नाव लिहा. त्याहून सोपं म्हणजे शक्य तिथे बोल्ट काढला की भाग सुटल्यावर त्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवायचा. गिअरबॉक्सला इंजिनशी जोडणारे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर गोल चित्र काढा आणि ज्या जागी जो बोल्ट होता त्या जागी तो खोचून ठेवा. लांब बोल्ट चुकून आखूड जागी गेला तर तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो आणि भाग मात्र ढिलाच राहतो.

१०. पेट्रोलच्या पाइपांची भीती वाटते. काय काळजी घ्यायची?

भीती वाटणं योग्यच आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप इंजिनवर असतो आणि लाइनमध्ये दाब फारसा नसतो. पाइप काढून त्याच्या तोंडात स्वच्छ बोल्ट घालून क्लिप आवळा. एमपीएफआय गाडीत पंप टाकीत असतो आणि लाइनमध्ये दाब टिकून राहतो. तिथे बॅटरी काढण्याआधीच फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा, गाडी चालू करून ती आपोआप बंद पडू द्यायची, मग एक-दोनदा स्टार्टर मारायचा. तरी पाइप उघडताना जोडाभोवती चिंधी धरा.

काम उघड्या हवेत, टाकी शक्यतो रिकामी, पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प नको. फुटलेला बल्ब आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली की आग लागते. अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा, घरात नाही.

११. गाडीला एसी आहे. गॅस काढावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. कॉम्प्रेसरचे बोल्ट काढा आणि पाइप न उघडता कॉम्प्रेसर तसाच बाजूला घेऊन बॉडीला तारेने बांधा. पाइपांवर भार किंवा पीळ येऊ देऊ नका. पुढचा कंडेन्सर वाटेत येत असेल आणि तो हलवल्याशिवाय जमणारच नसेल, तर एसीवाल्याकडून गॅस यंत्राने काढून घ्या. स्वतः नट ढिला करून गॅस सोडू नका. तो दाबाखाली असतो, कातडी आणि डोळे दोन्ही जाळतो.

१२. एक्सल काढताना काहीच हलत नाही. हबचा मोठा नट उघडावाच लागतो का?

इंजिन काढण्यासाठी हबचा नट उघडायची गरज नाही. चाक काढा, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवा, आणि स्ट्रटसकट (पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरसकट) नकल, म्हणजे हब धरणारा भाग, बाहेरच्या बाजूला ओढून घ्या. आता एक्सलचं आतलं टोक गिअरबॉक्समधून काढायचं आहे. त्या टोकाला एक तारेची रिंग असते, ती आतल्या खोबणीत बसलेली असते. टॉमी गिअरबॉक्सचं घर आणि जॉइंट यांच्या फटीत घालून एक छोटा, झटक्याचा दाब दिला की रिंग सुटते. हळूहळू जोर वाढवत गेलं तर ती सुटत नाही आणि अॅल्युमिनियमचं घर मात्र खरवडतं. टॉमीखाली पातळ लाकडाची चीप ठेवा आणि ऑइल सीलच्या ओठाला धक्का लागू देऊ नका.

एक्सलचा दांडा धरून ओढायचं नाही. त्याने आतला जॉइंट बूटच्या आतच निखळतो. मोकळं टोक लोंबकळतही ठेवू नका, तारेने बॉडीला आडवं बांधून टाका आणि त्यावर स्वच्छ पिशवी चढवा. आधी ऑइल काढलं असलं तरी टोक बाहेर येताना थोडं सांडतंच, खाली ट्रे असू द्या.

१३. गिअर लिव्हरचा रॉड आणि क्लच केबल यांत काही खास?

गिअरचा रॉड गाडीखालून सुटतो. त्याआधी गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करा आणि जोडावर दोन्ही बाजूंना रंगाचा ठिपका द्या. जोडातले बुश घासलेले असतील तर आत्ताच बदला, गिअर लिव्हर डगडग करते ती बहुधा त्यांच्यामुळेच. क्लच केबलच्या ॲडजस्टिंग नटचे किती आटे बाहेर होते ते मोजून ठेवा. रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर गिअरबॉक्सवर असते, ती हमखास विसरली जाते.

१४. बोल्ट गंजून बसले आहेत. तोडू का?

आधी तोडू नका. गंज सैल करणारा स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवा, सकाळी पुन्हा. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ दोन-चार टोले द्या. मग सोडवण्याच्या दिशेने नाही, आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा. ‘टक्’ असा आवाज आला की गंजाची पकड तुटली. त्यानंतर थोडं सोडवा, थोडं आवळा, पुन्हा सोडवा.

कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या गाडीत सायलेन्सरच्या जोडाचे स्टड तुटणार असं गृहीत धरूनच नवीन आणून ठेवा. तिथे बोल्ट गरम करावा लागतो. गॅसची ज्योत वापरणार असाल तर पेट्रोलची लाइन आधीच बंद करून झालेली हवी (प्रश्न १०), आणि रबरी बूट जवळपास नकोत. अॅल्युमिनियमच्या भागात गेलेल्या बोल्टवर लांब पाइप लावून ताकद करू नका. आटे गेले तर लेथवाल्याकडे जाऊन नवीन इन्सर्ट बसवण्यावाचून पर्याय उरत नाही.

१५. साखळी इंजिनला नेमकी कुठे अडकवायची?

इंजिनवर उचलण्यासाठी दिलेले लोखंडी हुक असतील तर तिथेच. जुन्या गाडीत ते हरवलेले असतात. मग हेड किंवा ब्लॉकच्या मजबूत भोकात, पूर्ण खोलवर आटे बसतील असा बोल्ट घेऊन, मोठ्या वायसरसह साखळीची कडी आवळा. दोन जागा घ्या, एक टायमिंग बेल्टच्या बाजूला आणि एक गिअरबॉक्सच्या बाजूला. इनटेक मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह कव्हर, अल्टरनेटरची पट्टी यांना कधीही टांगू नका. नायलॉनची दोरी नको, ती ताणते आणि कडेवर कापली जाते.

साखळीची लांबी अशी ठेवा की गिअरबॉक्सची बाजू थोडी खाली झुकेल. आडवी सरळ जोडी त्या खोलीतून बाहेर येत नाही, तिरकी येते.

१६. उचलायला लागलो आणि मध्येच अडकलं. जोर लावू?

अजिबात नाही. साखळी थांबवा, इंजिन चार बोटं खाली घ्या आणि टॉर्च घेऊन चारही बाजूंनी बघा. अडकण्याची कारणं जवळपास ठरलेली आहेत : गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी राहिलेली असते, स्पीडोमीटरची केबल राहिलेली असते, हीटरचा मागचा होज निघालेला नसतो, किंवा क्रँक पुली बाजूच्या पत्र्याला टेकलेली असते. पहिली तीन सोडवायची. चौथ्यासाठी इंजिन हाताने दुसऱ्या बाजूला सरकवून थोडं वळवायचं.

लटकलेल्या इंजिनाखाली हात घालून वायर सोडवायची नाही. हात घालायचाच असेल तर आधी इंजिन परत टेकवा किंवा खाली लाकडी ओंडके रचा.

१७. बाहेर आलं. आता गिअरबॉक्स इंजिनपासून कसा वेगळा करायचा?

इंजिन दोन जुन्या टायरांवर टेकवा, साखळी हलकी ताणलेली राहू द्या. स्टार्टर मोटर आणि खालची पत्र्याची प्लेट काढा, मग जोडाचे सगळे बोल्ट. जोडावर दोन पोकळ पिना असतात, त्यांच्यामुळे गिअरबॉक्स चिकटून राहिल्यासारखा वाटतो. टॉमीने एका बाजूने थोडं, मग दुसऱ्या बाजूने थोडं असं करत समांतर सरकवा.

गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याचं वजन हातावर किंवा जॅकवर धरून ठेवा. तो क्लच प्लेटवर लोंबकळला की प्लेटचं मधलं केंद्र वाकतं. ते डोळ्याला दिसत नाही, पण नंतर क्लच थरथरतो.

१८. इंजिन बाहेर आहेच तर आणखी काय काय करून घ्यावं?

जी कामं नंतर करायची तर पुन्हा हे सगळं उतरवावं लागेल, ती आत्ता करा. फ्लायव्हीलच्या मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील, दोन्ही एक्सल सील, रिलीज बेअरिंग, क्लच प्लेट, फाउंडेशनचे रबर, ब्लॉकमधले गंजलेले पाण्याचे प्लग. टायमिंग बेल्ट आणि सगळे होज पाइपही, कारण आत्ता हात सहज पोचतो. क्लच प्लेटची मधली जास्त बाहेर आलेली बाजू प्रेशर प्लेटकडे ठेवायची.

बाकी मोहात पडू नका. चांगलं चालणारं कार्ब्युरेटर केवळ समोर आलंय म्हणून उघडलं तर गाडी सुरू होताना बिघाड कुठे आहे हे शोधणं दुप्पट अवघड होतं.

१९. इंजिन बाहेर असताना गाडी ढकलून बाजूला लावता येते का?

एक्सल पूर्ण बाहेर काढला असेल आणि हब मोकळा असेल तर पुढच्या चाकांवर गाडी फिरवू नका. हबचा नट आवळलेला असतो म्हणून बेअरिंग जागेवर दाबून राहतं. तो दाब गेल्यावर चाकावर वजन आलं की बेअरिंग खराब होतं. प्रश्न १२ प्रमाणे नट न उघडता फक्त आतलं टोक काढलं असेल, तर चाक फिरलं की बांधलेला एक्सलही फिरतो आणि जॉइंट फाटतो. म्हणून इंजिन बाहेर येताना गाडी हलवण्याऐवजी क्रेन हलवणं चांगलं. तिकटी असेल तर गाडीच सरकवावी लागते. तेव्हा पुढची चाकं छोट्या चारचाकी ट्रॉलीवर घ्या आणि सरळ, हळू ढकला.

इंजिन गेल्यावर गाडीचं नाक एकदम हलकं होतं. घोड्यांवर असेल तर मागच्या चाकांचे ओंडके पुन्हा तपासा, आणि कोणी डिकीवर बसणार नाही हे पाहा.

२०. बसवताना गिअरबॉक्स आणि इंजिन यांत बोटभर फट राहते. बोल्ट आवळून ओढून घेऊ का?

नाही, नाही आणि नाही. बोल्टने ओढून घेतलं की बेल हाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या इंजिनकडच्या तोंडाचा) कान तुटतो आणि गिअरबॉक्सचं घरच बदलावं लागतं. फट राहण्याचं कारण बहुतेकदा क्लच प्लेट मधोमध बसलेली नसते हे असतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट हलके ठेवून, सेंटरिंगचा डमी शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणा, मग समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे करत आवळा. डमी काढून पुन्हा घालून पाहा, तो सहज जायला हवा.

त्यानंतरही फट उरत असेल तर गिअर टाकून एक्सलच्या भोकातून किंवा क्रँक पुलीवरून किंचित फिरवत ढकला, म्हणजे शाफ्टचे दाते प्लेटच्या खाचांत जुळतात. पोकळ पिना वाकड्या नाहीत ना, आणि मध्ये वायर किंवा केबल चेपत नाही ना, हेही पाहा. दोन्ही तोंडं हाताने पूर्ण भिडली की मगच बोल्ट.

२१. सगळं बसवलं. स्टार्टर कुरकुरतो आणि अॅक्सिलरेटर केबल गरम होतेय. हे काय?

ताबडतोब थांबा आणि बॅटरी काढा. इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थिंगची पट्टी लावायची राहिली आहे, किंवा तिच्याखाली रंग आणि गंज आहे. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, त्यामुळे स्टार्टरचा सगळा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे क्लच किंवा अॅक्सिलरेटरची लोखंडी केबल. ती लाल होऊन जळू शकते. पट्टीची दोन्ही टोकं सँडपेपरने चकचकीत करून घट्ट लावा. केबल एकदा तापली असेल तर आतलं अस्तर वितळलेलं असतं, नवीनच टाका.

२२. पहिल्यांदा सुरू करण्याआधी काय तपासायचं?

गिअरबॉक्समध्ये ऑइल भरलं का? सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच आहे, कारण इंजिन ऑइल आणि कूलंट डोळ्यासमोर असतात, गिअर ऑइल नाही. मग स्पार्क प्लग काढून, स्पार्क आणि पेट्रोल बंद ठेवून (चावी मात्र ऑन), ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा. प्लग बसवून सुरू केल्यावर पेट्रोलचे जोड आधी पाहा, नंतर बाकीचं. कूलंटमधली हवा निघेपर्यंत पातळी खाली जाते, ती भरत राहा. थोडं चालवून आणल्यावर फाउंडेशन, बॉल जॉइंट आणि चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलेच घ्या.

२३. जुनं ऑइल आणि कूलंट कुठे टाकायचं?

गटारात, मातीत किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडाला, यांपैकी कुठेही नाही. वापरलेलं ऑइल नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑइल देणाऱ्या गॅरेजला द्या. कूलंट वेगळ्या कॅनमध्ये, ऑइलमध्ये मिसळू नका. त्याला गोडसर चव असते आणि ते विषारी असतं, त्यामुळे उघड्या ट्रेजवळ कुत्रा, मांजर, लहान मूल यांना येऊ देऊ नका.

२४. गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट आहे. उत्तरं तीच का?

इंजिनपुरती तीच, गॅसपुरती नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस इंजिन चालवून संपवा. त्यापुढे उच्च दाबाच्या नळीचे जोड किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच सोडवून घ्या आणि त्याच्याकडूनच परत जोडून गळती तपासून घ्या. रेड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) इंजिनचं गरम पाणी जोडलेलं असतं, ते दोन होज तुमच्या टेपच्या यादीत धरा (प्रश्न ९).

२५. काम अर्धवट असताना पावसाळा लागला. इंजिन तसंच ठेवलं तर?

दमट हवेत उघडं सिलिंडर पटकन गंज धरतं. प्लगच्या भोकांतून थोडं इंजिन ऑइल सोडा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, प्लग परत लावा. इनटेक, एक्झॉस्ट आणि पाण्याची सगळी तोंडं स्वच्छ कापडाने आणि टेपने बंद करा. वर्तमानपत्राचे बोळे घालू नका, ते आतच राहतात. इंजिन जमिनीला टेकवू नका, लाकडी पाटावर ठेवा. क्लच प्लेट कोरड्या खोलीत आणि तेलकट वस्तूंपासून लांब ठेवा, कारण ऑइल किंवा ग्रीस लागलेली प्लेट पुन्हा धरत नाही.

२६. जुन्या इंजिनात दम नाही. ओम्नीचं किंवा भंगारातलं दुसऱ्या ८०० चं इंजिन बसवू का? आरटीओचं काय?

ओम्नीतही याच कुळातलं ७९६ सीसी इंजिन होतं, पण तिथे ते उभं बसवलेलं आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते. त्यामुळे फाउंडेशन, मॅनिफोल्ड, गिअरबॉक्सचा जोड अशा बाहेरच्या बऱ्याच गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. चार गिअरच्या आणि पाच गिअरच्या ८०० ची इंजिनंही एकसारखी नाहीत, हे भंगार बाजारात पैसे देण्याआधी लक्षात घ्या.

कागदांचा मुद्दा त्याहून मोठा आहे. तेच इंजिन दुरुस्त करून परत बसवलं तर आरटीओकडे जायची गरज नाही. दुसरं इंजिन बसवलं तर त्याचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळत नाही. म्हणून बसवण्याआधीच आरटीओत चौकशी करून परवानगी घ्या, बसवल्यावर आरसीत नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला जाते आणि तिथे इन्स्पेक्टर इंजिन नंबर प्रत्यक्ष पाहतात. विकत घेतलेल्या इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद विकणाऱ्याकडून मागा. ते दिले नाहीत तर ते इंजिन घेऊ नका, चोरीच्या गाडीचं असू शकतं. जुन्याच ब्लॉकला बोरिंग करून नवे पिस्टन आणि रिंग टाकणं बऱ्याचदा स्वस्त पडतं आणि आरसीवरचा नंबरही तोच राहतो.